माझ्यानंतर ही रायफल कोणाची

"आपल्या पश्चात ही रायफल कोणाच्या ताब्यात द्यावी?" हा प्रश्न परवाना नूतनीकरणाच्या अर्जात सतराव्या रकान्यात आहे. उत्तरासाठी एक ओळ सोडली आहे. तीन आठवडे झाले, ती ओळ मला भरता आलेली नाही. आज हे लिहायला बसले आहे तरीही उत्तर मला माहीत नाही. हे आधीच कबूल करते, कारण पुढची सगळी लिखापढी त्या एका ओळीपायी आहे.

मी, खाली सही करणार आहे ती, वय वर्षे सत्तावीस, शिवणकाम करणाऱ्या आईची आणि निवृत्त बसवाहक वडिलांची धाकटी मुलगी, वजनमापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तपासनीस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, धडधाकट प्रकृतीत आणि भर दुपारी लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव असलाच तर न लिहिण्याचा आहे. आई म्हणाली, "तरण्याताठ्या पोरीनं असलं काही लिहू नये. जिभेला हाड नसतं तसं पेनालाही नसतं." दादा म्हणाला, "सतराव्या रकान्याला सहा पानं. मग आधीच्या सोळांना काय पोथ्या जोडल्यास?" बाबा तेवढे माझ्या बाजूने होते. "लिहू दे तिला," ते म्हणाले, "आपल्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी अर्जाची मागची बाजू वाचतंय."

मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम आहे. सतराव्या रकान्यात ज्याचे नाव येईल तो क्लबचा सभासद हवा आणि सुरक्षेच्या परीक्षेत उतरलेला हवा. असे नाव नसेल तर मालकाच्या मृत्यूनंतर रायफल सरकारी कोठारात जाते. वर्षभरात कोणी हक्क सांगितला नाही तर गॅसकटरने तिचे तीन तुकडे करतात. नळीवाल्या काकांनी असे तुकडे डोळ्यांनी पाहिले आहेत. एक तुकडा त्यांच्याच हातच्या नळीचा होता. हे काका कोण, ते पुढे येईल.

कलम पहिले. स्थावर मालमत्ता. नाही. घर बाबांचे आहे आणि त्यांनी ते शंभर वर्षे वापरावे.

कलम दुसरे. बँकेतली बचत आई आणि बाबांना निम्मी निम्मी. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, ती बिचारी गप्प बसून असते. माझी सायकल बाबांना. बसच्या दारात उभे राहून चाळीस वर्षे दुसऱ्यांना पोहोचवले, आता स्वतःच्या वेगाने कुठेतरी जावे.

कलम तिसरे. बैठकीच्या खोलीत भिंतीवर चौकटीत लावलेले माझे पदवीचे प्रमाणपत्र दादाला. तो रस्ते फोडण्याचे यंत्र चालवतो. शाळा त्याने नववीत सोडली आणि माझी सुटू दिली नाही. प्रमाणपत्राच्या काचेवर तो दर रविवारी फडके मारतो आणि म्हणतो, "भौतिकशास्त्र म्हणजे काय ते मला विचारू नका, पण आमच्याकडे आहे." ही चौकट नावावर माझ्या असली तरी उभी त्याच्या यंत्राच्या धडधडीवर आहे. तिच्यावर इतर कोणाचा हक्क चालणार नाही.

कलम चौथे. आता शस्त्र आणि त्याचे सामान. हे वाचणारा न्यायालयातला कारकून या खेळाबद्दल अनभिज्ञ असेल असे धरून थोडे सांगते. यात रायफल खांद्यावर धरून उभे राहायचे नसते. भक्कम टेबलावर पुढे लोखंडी टेकू आणि मागे वाळूची पिशवी ठेवायची, रायफल त्या दोहोंवर ठेवायची, आणि शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या. भोके कुठे पडली याला महत्त्व नाही, एकमेकांच्या किती जवळ पडली याला आहे. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजतात. सहा मिलीमीटर चांगले. चार आले तर क्लबात चहा तुमच्याकडून.

दादाचे यावर पहिल्यापासून एकच म्हणणे आहे. "टेबल धरतं, पिशवी धरते, टेकू धरतो. मग तू काय करतेस?"

"मी निवडते," असे मी त्याला सांगत आले. कोणता टेकू, कोणती दुर्बीण, कोणती नळी, काडतुसाची कोणती पुंगळी, तिच्यात दारू किती दाणे. या खेळातले निम्मे कौशल्य चाप ओढण्याआधीच संपलेले असते. मला हा खेळ आवडला तो त्यामुळेच. इथे वजनदार माणसाचा शब्द चालत नाही, मोजलेला आकडा चालतो, असे मला वाटायचे. मी प्रत्येक वस्तूचा आलेख काढायचे, म्हणून क्लबात माझे नाव ग्राफबाई पडले. मला ते नाव मनापासून आवडते.

कलम पाचवे. तीन पायांचा पुढचा टेकू क्लबला, नवशिक्यांच्या टेबलासाठी. दादाने त्याचे पाय स्वतः घासून सपाट केले आहेत. डावा पाय अर्धा फेरा सैल ठेवावा लागतो. पूर्ण आवळला तर टेकू रुसतो.

कलम सहावे. छत्तीस पट दाखवणारी दुर्बीण क्लबच्या सचिवांना द्यायची होती. त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते आणि भिंग नावाच्या वस्तूवर त्यांचा जीव आहे. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा नियम आहे. म्हणून तीही क्लबला. ती पुसायचा अधिकार मात्र सचिवांचा, इतरांनी बोट लावू नये.

वाऱ्याचे पाच झेंडे दंतवैद्यबाईंना द्यायचे होते. त्या क्लबात माझ्या एकमेव खऱ्या प्रतिस्पर्धी, आणि वारा वाचायला मला त्यांनीच शिकवले. त्याही साक्षीदार आहेत. म्हणून झेंडे मी त्यांना परवाच देऊन टाकले. त्या म्हणाल्या, "अगं, झेंडे दिलेस, आता हरल्यावर दोष कोणाला देणार?" हा टोमणा कशावरून आहे ते पुढच्या कलमात कळेल.

कलम सातवे. गोळ्यांच्या कपाटात खोकल्याच्या गोळ्यांचा एक चपटा डबा आहे. त्यात पोलादाच्या दोन चकत्या आहेत, कोटाच्या बटणाएवढ्या, मध्ये भोक असलेल्या. त्या नळीवाल्या काकांना द्याव्यात. काही न बोलता द्याव्यात. त्यांना कळेल. कारकुनासाठी मात्र सांगते.

नळीवाले काका लेथवर रायफलीच्या नळ्या बसवतात. माझ्या रायफलीची नळी त्यांनी दोन वर्षांपूर्वी बसवली. "ही आणि आणखी दोन, मग संपलं," म्हणाले. "आता डोळे सुताचा फरक दाखवत नाहीत, नुसतं पोलाद दाखवतात." त्याच आठवड्यात मी दारूचा नवा डबा उघडला आणि मागची वाळूची पिशवीही बदलली. जुनी पिशवी आईने शिवलेली होती, फाटलेल्या रेनकोटाच्या बाहीची, निळ्या फुलांची. चार वर्षे मी त्याच पिशवीवर शिकले. पण आता मोठ्या स्पर्धेला जायचे होते. शस्त्रांच्या दुकानातला विक्रेता फुलांकडे बघून म्हणाला, "ताई, घरी शिवलेल्या पिशवीवर कोणी जिंकलेलं ऐकलंय?" मी ऐकले नव्हते. मी जाड चामड्याची पिशवी आणली, वर रायफलीचा दस्ता धरणारे दोन रबरी कान असलेली.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहिलेला पहिला नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रयोगशाळेत नव्या माणसाला मी हेच पहिल्या दिवशी शिकवते. आणि मी एका आठवड्यात तीन गोष्टी बदलल्या.

भोके पसरली. सहाची अकरा मिलीमीटर झाली. तीही गोल नाही, वरून खाली रेघेत. मी जुनी दारू परत वापरून पाहिली, फरक नाही. मग राहिली नळी. पिशवीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. पिशवी ती पिशवी, तिच्यात काय बिघडणार? मी आलेख घेऊन काकांकडे गेले.

त्यांनी आलेख उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "बाळ, नळीला तोंड असलं तरी बोलता येत नाही. म्हणून सगळं तिच्या माथी मारू नये."

"काका, आकडे आहेत."

"आकडे आहेत खरे," ते म्हणाले. "तू शिकलेली आहेस. तू म्हणतेस तर तोंड पुन्हा कापतो."

गोळी नळीतून बाहेर पडते ती कडा जराशी दुखावलेली असली तरी नेम बिघडतो, म्हणून ते पुढचे टोक कापून नवे करतात. काकांनी एक चकती कापली. भोके तशीच. महिन्याभराने मी पुन्हा गेले. या वेळी त्यांनी आलेख पाहिलाच नाही. दुसरी चकती कापली, दोन्ही डब्यात घालून माझ्या हातात दिल्या आणि लेथवर फडके टाकले. आणि मी, घरातली पहिली पदवीधर, क्लबच्या नोंदवहीत सगळ्यांना दिसेल असे लिहिले: नळी सदोष, कारागिरी तपासावी. त्या हंगामात दोघांनी त्यांना सांगितलेले काम काढून घेतले.

कलम आठवे. चामड्याची पिशवी त्या विक्रेत्याला परत द्यावी, सोबत माझ्या कपाटावर चिकटवलेला लक्ष्याचा कागद जोडून. त्यावर पाच गोळ्यांचे एकच भोक आहे, चार पूर्णांक आठ मिलीमीटर, आणि तो निळ्या फुलांवर मारलेला आहे. त्याने आता ऐकले असे समजावे. माझा कोणावर राग उरला असेल तर तो एवढाच, आणि त्याचीही मला मजाच वाटते.

ते एक भोक कसे पडले ते सांगायला हवे, कारण सतराव्या रकान्याची वाट तिथूनच जाते.

गेल्या हिवाळ्यात क्लबने टेबलांसाठी नवी आच्छादने शिवायला दिली, आईकडे. ती मापे घ्यायला आली. गळ्यात टेप, कानांवर क्लबने दिलेली कर्णरक्षके. मी सराव करत होते. ती माझ्या मागे उभी राहिली, पाच गोळ्या होईपर्यंत हलली नाही. मग मला म्हणाली, "तुझी पिशवी ओढतेय."

"काय ओढतेय?"

"बंदूक मागे येते ना धक्क्यानं, तेव्हा कापड तिला धरून ठेवतं. मग सोडतं. कधी आधी, कधी नंतर. रेक्झिन शिवताना असंच होतं, मशीनच्या पायाखाली चिकटतं, सरकत नाही. मग टाका एक लांब, एक आखूड." तिने कागदाकडे बोट केले. "हे बघ, लांब, आखूड, लांब. सरळ रेघेत. हा काय नेम आहे? ही वाईट शिलाई आहे."

मी तिला समजावू लागले की नळीच्या तोंडात दोष आहे. तिने ऐकून घेतले. मग आपल्या शिवणाच्या पिशवीतून पावडरचा डबा काढला, रेक्झिनसाठी तो तिच्याजवळ असतोच, आणि रबरी कानांवर चिमूटभर चोळली. "आता मार."

सात मिलीमीटर. दुसऱ्या दिवशी आई उरलेली मापे घ्यायला पुन्हा आली, मी घरून फुलांची पिशवी आणली, दुसरे काहीही बदलले नाही, आणि मारले. चार पूर्णांक आठ.

दंतवैद्यबाई शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "अगं ग्राफबाई, दुखत होता शेजारचा दात, तू उपटलास भलताच. तोही दोनदा."

मी नोंदवही उघडून माझ्याच ओळीखाली लिहिले: वरील नोंद चुकीची, नळी निर्दोष, दोष माझ्या निवडीचा आणि त्याहून जास्त माझ्या खात्रीचा. सही केली. मग काकांकडे जाऊन हेच तोंडाने सांगितले. ते बराच वेळ हात पुसत राहिले. "नोंदवही कोण वाचतं गं," म्हणाले. मग म्हणाले, "पण बरं झालं लिहिलंस." काढून घेतलेल्या दोन कामांपैकी एक परत आले. दुसरे आले नाही. ते मला फेडता येणारे नाही, ते मृत्युपत्रात मावत नाही.

कलम नववे. 'साहित्य कसे निवडावे' ही माझी वही क्लबच्या वाचनालयाला. पहिले पान फाडू नये. त्यावरचा नियम बरोबर आहे, फक्त तो लिहिणारीने पाळला नव्हता. शेवटच्या पानावर मी एक ओळ वाढवली आहे: स्वस्त वस्तूंवर आधी संशय घ्या, कारण महाग वस्तूंवर आपण आपोआप घेतो; आणि ज्या वस्तूमागे बोलणी खाणारा माणूस आहे तिच्यावर सगळ्यात शेवटी.

कलम दहावे. रायफल.

इथे पेन थांबले. योग्य माणसालाच ती मिळावी, नात्यागोत्यावर नव्हे, असे माझे तत्त्व. म्हणून आधी दंतवैद्यबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "माझी मला आहे. दुसऱ्याच्या सुनेला मी काय वळण लावणार?" काकांना विचारले. ते हसले. "तुझ्यानंतर म्हणतेस? रांगेत मी पुढे आहे, बाळ."

दादाला विचारले तेव्हा तो हसला नाही. त्याने तळवे माझ्यापुढे धरले. "दिवसभर यंत्र धरल्यावर हे रात्री झोपेपर्यंत गुणगुणत असतात. तुझा तो चाप केसानं सुटतो म्हणतेस. माझ्या नावावर लिहिलीस तर मी ती नुसती पुशीन. चौकटीसारखी." मग म्हणाला, "पुसायला एक पुरे."

इथवर मी रविवारी आणि सोमवारी लिहिले होते. पुढचे आज, शुक्रवारी लिहीत आहे, कारण मध्ये काही गोष्टी घडल्या.

सोमवारी संध्याकाळी आई काज करत होती आणि मी तिला तीन तुकड्यांचा नियम वाचून दाखवत होते. ती सुई धरून थांबली.

"कापायची? चांगली चालणारी?"

"नाव नसेल तर."

"तीस वर्षं मी कापतेच आहे," आई म्हणाली, "पण कापल्यावर काहीतरी शिवायचं असतं. नुसतं कापून ठेवायचं म्हणजे काय?" ती खरोखर चिडली होती. कोणाच्या तरी चुकलेल्या मापावर चिडते तशी.

तेव्हा मला आठवले. हिवाळ्यात, पावडर लावल्याच्या दिवशी, मी तिला रिकाम्या रायफलीचा चाप ओढून पाहायला दिला होता. साठ ग्रॅमवर सुटणारा चाप. माझी दोन वर्षे तो न झटकता ओढायला शिकण्यात गेली. तिने बोट ठेवले, नळीचे टोक हललेही नाही, आणि चाप सुटला. "एवढंच?" ती म्हणाली होती. "काजाला याहून जास्त जोर लागतो." मी ते ऐकले आणि लगेच भोके मोजायला गेले. मोजण्यासारखी गोष्ट माझ्या मागे उभी होती.

मी विचारले, "आई, तू घेशील?"

"मी? मी शिवणारी बाई. आणि माझ्याआधी तू मरणार आहेस काय? उलटी गंगा वाहवतेस."

तिचे बरोबर होते. रकान्यातला प्रश्नच आमच्या कामाचा नव्हता. तिला माझ्यानंतर काहीही नको होते, आणि मलाही द्यायचे नव्हते. मी अर्ज उलटला, सगळ्यात खालची ओळ मोठ्याने वाचली, जी वाचायला कोणी चष्मा काढत नाही. रायफल दोन नावांवर ठेवता येते. दोन नावे असतील तर सतरावा रकाना भरण्याची गरज नाही.

आईने सुई टोचून ठेवली आणि बाबांकडे बघितले. बाबांनी कानात कापूस कोंबल्याची खूण केली आणि म्हणाले, "दोघी असाल तर स्पर्धा बघायला मला डबल कापूस लागेल. बाकी हरकत नाही."

बुधवारी सचिवांनी आईला क्लबची सभासद करून घेतले आणि तिची सुरक्षेची परीक्षा घेतली. पहिला प्रश्न, शस्त्र रिकामे आहे हे कसे ओळखाल?

"बघून," आई म्हणाली. "आणि परत बघून. सुई मोडली की तुकडा सापडेपर्यंत मी गिऱ्हाइकाला कपडा देत नाही. ते म्हणोत काहीही."

सचिवांनी पुढचे एकोणीस प्रश्न विचारले, पण पेन त्यांनी पहिल्यावरच खाली ठेवले होते. नंतर तिने आयुष्यातल्या पहिल्या पाच गोळ्या मारल्या. नऊ मिलीमीटर. काका मापाच्या पट्टीवर वाकून म्हणाले, "नळी चांगली आहे." मी ते नोंदवहीत लिहिले.

म्हणून कलम दहावे असे: रायफलीबाबत या मृत्युपत्राने काहीही दिले जात नाही, कारण ती माझ्या एकटीची राहिलेली नाही. आमच्या दोघींनंतर ती कोणाची, हे मला अजूनही माहीत नाही. अर्ज मी काल खिडकीवर दिला, सतरावा रकाना कोरा ठेवून, खाली दोन सह्या. आईची सही सावकाश झाली, प्रत्येक अक्षर टाचून बसवल्यासारखी. पेटीची दुसरी किल्ली तिच्या शिवणाच्या डब्यात आहे, बॉबिनांच्या खालच्या कप्प्यात. या रविवारच्या स्पर्धेत पहिल्या टेबलावर नाव तिचे लागले आहे. फुलांची पिशवी ती घेईल. मी दुसरी शिवून मागितली आहे, माप दिले आहे, आणि ती म्हणाली आहे की माझा नंबर आधीच्या गिऱ्हाइकांनंतर.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दादाने करावी. त्याने ते वाचून पाहिले आहे आणि चौकटीचे कलम दोनदा वाचले आहे.

स्थळ: आमच्या घरातले शिवणाचे टेबल, कपडे बाजूला सारून.
तारीख: चौदा, शुक्रवार, दुपार.

सही: तपासनीस, क्लबात ग्राफबाई.

आमच्यासमक्ष तिने वाचून सही केली, आणि आम्ही तिच्यासमक्ष:

साक्षीदार पहिला: क्लबचे सचिव, पूर्वी घड्याळदुरुस्ती. (दुर्बिणीचे कलम वाचले. तक्रार नाही.)

साक्षीदार दुसरी: दंतवैद्य. (रविवारी दुसऱ्या टेबलावर मी आहे. तिच्या आईशी गाठ आहे, ही माहिती उशिरा मिळाली.)